स्किझोफ्रेनियाच्या औषधांचा खर्च: गोव्यातील घरांनी डोस न कापता पैसे कसे वाचवावेत

घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असला की औषधाचा खर्च वर्षानुवर्षे चालतो. त्यामुळे 'कुठेतरी कमी करूया' हा विचार प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच. दुर्दैवाने कात्री बहुतेक वेळा चुकीच्या जागी लागते. दोन गोळ्यांची एक होते, किंवा 'आता चांगला बोलतो, जेवतो, कशाला हवी गोळी' म्हणत दोन महिने औषध बंद राहते.

2012 साली 'द लॅन्सेट'मध्ये 65 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला होता. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे 27 टक्के जणांचा आजार उलटला. औषध थांबवून नुसती दिखाऊ, म्हणजे आत औषधच नसलेली, गोळी दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे 64 टक्के होते. आजार उलटला की रुग्णालयात दाखल करणे, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, कधी रुग्णाची नोकरी आणि कधी लग्न, असा सगळा हिशेब समोर येतो. त्यापुढे वर्षभराच्या गोळ्यांचे बिल किरकोळ ठरते. म्हणून पैसे वाचवायचे ते कंपनीच्या नावावर, प्रवासावर, नको असलेल्या जादा गोळ्यांवर आणि पुन्हा पुन्हा केलेल्या तपासण्यांवर. डोसवर कधीच नाही. ते कसे करायचे, ते मी या आजाराच्या घरात राहून शिकलेल्या क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: महिन्याचा खरा हिशेब वहीत मांडा

खर्च म्हटला की आपण औषधाच्या दुकानाचे बिल पाहतो. त्याऐवजी वहीत मुख्य औषध, दुष्परिणामांसाठीच्या गोळ्या, तपासण्या, प्रवास आणि बुडालेला रोज हे सगळे वेगवेगळे लिहा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमचे तुम्ही भरा. वाळपईजवळचे घर, रुग्ण आणि त्याची आई दर महिन्याला बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात जातात. समजा मुख्य गोळी 9 रुपयांची आहे आणि दिवसाला दोन लागतात, म्हणजे महिन्याला 540 रुपये. कंप थांबवणारी गोळी 3 रुपयांची, म्हणजे 90 रुपये. दोघांचे बसभाडे आणि खाणे मिळून 350, आणि आईचा बुडालेला रोज 700. एकूण 1,680 रुपये. त्यातले 1,050 रुपये औषधाचे नाहीतच.

या घराने 9 रुपयांच्या गोळीऐवजी तेच औषध 3 रुपयांना मिळवले, तर महिन्याला 360 रुपये वाचतील. रुग्ण स्थिर आहे हे पाहून डॉक्टरांनी दोन महिन्यांची चिठ्ठी दिली, तर एक फेरी टळते आणि महिन्याला सरासरी 525 रुपये वाचतात. म्हणजे गोळीच्या किमतीवर वाद घालण्याआधी फेऱ्या कमी करता येतील का, हे विचारणे जास्त फायद्याचे. सत्तरी, काणकोण, सांगे इथल्या घरांना हे विशेष लागू पडते.

दुसरी पायरी: चिठ्ठीतील प्रत्येक ओळ कशासाठी आहे, ते विचारा

चिठ्ठीवर पाच औषधे असली तरी मुख्य औषध बहुधा एकच असते. रिस्पेरिडोन, ओलांझापिन, अरिपिप्राझोल, अमिसुल्प्राइड, हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन किंवा क्लोझापिन यांपैकी ते एखादे असेल. बाकीच्या गोळ्या झोपेसाठी, हातपाय कडक होऊ नयेत म्हणून, मन उदास असेल तर त्यासाठी किंवा पोटासाठी असतात. डॉक्टरांना विचारताना भीड बाळगू नका. मी हे प्रश्न एका कागदावर लिहूनच नेतो, कारण आत गेल्यावर अर्धे विसरतात:

यातले मुख्य औषध कोणते? बाकीच्यांपैकी कोणते कायमचे आणि कोणते थोड्या काळासाठी? दोन मुख्य औषधे एकत्र दिली असतील, तर एकावर भागेल का? सकाळ-संध्याकाळची मात्रा रात्री एकदाच देता येईल का? 2 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांऐवजी 4 मिलिग्रॅमची एक चालेल का?

शेवटच्या प्रश्नाने पुष्कळदा थेट पैसे वाचतात, कारण मोठ्या मात्रेची एक गोळी ही छोट्या दोन गोळ्यांपेक्षा बहुधा स्वस्त पडते. मात्र गोळी घरी तोडून मात्रा जुळवायची असेल, तर आधी विचारा. औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेले असते, त्या तोडायच्या नाहीत.

ट्रायहेक्सिफेनिडिल या गोळीबद्दल वेगळे सांगायला हवे. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी आणि रिस्पेरिडोनने हात थरथरतात, चाल अडखळते, तेव्हा ती दिली जाते आणि उपयोगी पडते. पण एकदा सुरू झालेली ही गोळी वर्षानुवर्षे तशीच चालू राहते असे फार दिसते. तिने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, वयस्कर माणसाची स्मरणशक्ती मंदावते. बाजारात रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत घातलेली जोड औषधेही भरपूर मिळतात. अशा गोळीत एकाची मात्रा बदलायची झाली तर दोन्हींची बदलते. 'ही गोळी अजून लागते का' असे दर सहा महिन्यांनी विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका, ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच कमी करतात.

तोंडात विरघळणारी ओलांझापिनची गोळी साध्या गोळीपेक्षा महाग असते. रुग्ण गोळी गालात धरून नंतर थुंकत असेल, तर तिचे जादा पैसे सार्थकी लागतात. तो निमूट गिळत असेल तर साधी गोळी तेच काम करते.

तिसरी पायरी: सरकारी औषधावर तुमचा हक्क आहे, तो आधी वापरा

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 18 मध्ये एक तरतूद आहे, जी फार थोड्या घरांना माहीत असते. सरकारने अत्यावश्यक औषधांची यादी जाहीर करायची. त्या यादीतील मानसिक आजारांवरची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी संस्थांत सर्व रुग्णांना सदैव मोफत मिळायला हवीत. त्याच कलमात दारिद्र्यरेषेखालील, निराधार आणि बेघर रुग्णांना उपचारही विनाशुल्क आहेत, त्यासाठी बीपीएल कार्ड हातात असण्याची अट नाही.

गोव्यात मुख्य ठिकाण म्हणजे बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, जीएमसीपासून (गोवा मेडिकल कॉलेज) हाकेच्या अंतरावर. पूर्वीचे आबे फारिया यांच्या नावाचे पणजीतील आल्तिनोवरचे मनोरुग्णालय ज्यांना आठवते, त्यांच्या मनात अजूनही धास्ती असते. आजची बहुतांश माणसे तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परततात. उत्तरेला म्हापशाचे आणि दक्षिणेला मडगावचे जिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तालुक्याच्या केंद्रांतही मानसोपचाराची सोय केली जाते. वाळपई, पेडणे, काणकोण अशा ठिकाणी राहत असाल तर आपल्या आरोग्य केंद्रात दोन गोष्टी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, आणि बांबोळीला सुरू झालेले औषध इथून मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तर वर लिहिलेले प्रवासाचे आणि रोजाचे पैसे उरलेच.

जाताना जुनी चिठ्ठी, रिकामी पाकिटे, आधारकार्ड आणि आतापर्यंतच्या औषधांची एका पानाची नोंद न्या. कोणते औषध कधी सुरू केले, किती मात्रेपर्यंत गेले, काय त्रास झाला, का बदलले, एवढेच त्यात हवे. हे पान नसले की नवीन डॉक्टर आधीच फसलेले औषध पुन्हा सुरू करतात. त्यात महिने जातात आणि पैसेही.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडून बांबोळीला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की 2018 पासून गोव्याच्या सरकारी रुग्णालयांत परराज्यातील रुग्णांना काही सेवांसाठी शुल्क लावले जाते. निघण्याआधी त्याची चौकशी करा, आणि सिंधुदुर्गातील सरकारी रुग्णालयात तेच औषध मिळते का तेही पाहा. कायदा दोन्ही राज्यांना सारखाच लागू आहे.

चौथी पायरी: विकत घ्यावेच लागले तर

चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, म्हणजे कंपनीने ठेवलेले नव्हे तर आतल्या औषधाचे नाव, लिहून मागा. डॉक्टरांनी मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम 2016 पासून आहे. मूळ नाव आणि मिलिग्रॅम हाती आले की जनऔषधी केंद्रात, म्हणजे मूळ नावाची स्वस्त औषधे विकणाऱ्या सरकारी योजनेतील दुकानात, विचारा. 'जनऔषधी सुगम' या मोबाइल ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतात. 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर त्याच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमती शेजारी शेजारी पाहता येतात. फरक पाहून अनेकांना धक्का बसतो. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन आणि फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या कमाल किमतीवर सरकारी मर्यादा असते. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी ठरवते, फक्त वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवू शकत नाही.

'स्वस्त म्हणजे कमअस्सल' ही शंका मीही पुष्कळ ऐकली आहे. जनऔषधीची औषधे बॅचनुसार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून येतात. मी इतकेच सांगेन की बदल एकदाच करा, डॉक्टरांना सांगून करा, आणि नंतर शक्यतो त्याच कंपनीची गोळी चालू ठेवा. दर महिन्याला जे स्वस्त असेल ते घेतले, तर त्रास औषधाने झाला की बदलाने, हेच कळेनासे होते. पहिले तीन-चार आठवडे झोप, संशय, बडबड यांकडे जरा जास्त लक्ष ठेवा.

कंपनी बदलली की गोळीचा रंग आणि आकार बदलतो. ज्याला आपल्या जेवणात कोणी काही मिसळते असे आधीच वाटत आले आहे, त्याच्या हातावर काल पांढरी आणि आज पिवळी गोळी ठेवली तर तो ती घेणार नाही, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरही आहे. म्हणून बदल करण्याच्या आदल्या दिवशी नवे पाकीट त्याच्या हातात द्या, दोन्हींवरचे मूळ नाव त्याला स्वतः वाचू द्या, शक्य असेल तर दुकानदाराकडे त्यालाच सोबत न्या. औषध चोरून जेवणात घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एकदा ते पकडले गेले की जेवणावरचा विश्वासही जातो.

पाचवी पायरी: 'नवीन म्हणजे चांगले' हे गृहीत धरू नका

महागडे औषध लिहून मिळाले की 'पोरासाठी काय वाटेल ते' म्हणत दागिना गहाण ठेवणारी घरे आहेत. अमेरिकेत सरकारी पैशाने झालेला 'कॅटी' नावाचा मोठा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात परफेनाझिन हे जुने स्वस्त औषध त्या काळच्या नव्या महाग औषधांसोबत तपासले. ओलांझापिनवर रुग्ण थोडे जास्त काळ टिकले, पण त्यांचे वजन आणि साखर जास्त वाढली. बाकीची नवी औषधे जुन्यापेक्षा ठळकपणे सरस ठरली नाहीत. आणखी एक गोष्ट त्यातून दिसली. 18 महिने पूर्ण होण्याआधी सुमारे 74 टक्के रुग्णांनी आपले पहिले औषध सोडले किंवा बदलले. एका औषधाने जमले नाही म्हणजे सगळे संपले असे नाही.

औषधांमधला खरा फरक दुष्परिणामांत असतो. हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन यांनी कंप आणि कडकपणा जास्त येतो. ओलांझापिन, क्लोझापिन यांनी वजन आणि साखर वाढते. रिस्पेरिडोन, अमिसुल्प्राइडने बायकांची पाळी चुकू शकते. त्यामुळे घरात मधुमेह असेल तर स्वस्त ओलांझापिन पुढे महाग पडू शकते, कारण मग मधुमेहाचाही खर्च सुरू होतो. किंमत, शरीर आणि रुग्णाची स्वतःची पसंती या तिन्ही गोष्टी डॉक्टरांसमोर ठेवा. 'आम्हाला महिन्याला इतकेच परवडते' हे वाक्य उच्चारण्यात कमीपणा काहीच नाही. पहिल्याच भेटीत ते सांगितले तर डॉक्टर सुरुवातीपासून पुढे परवडणारे औषध निवडू शकतात.

सहावी पायरी: इंजेक्शन आणि क्लोझापिन, दोन्हींचा हिशेब वेगळा

रोजच्या गोळीवरून घरात रोज भांडण होत असेल, तर दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारा. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट दोन ते चार आठवड्यांनी, हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट साधारण चार आठवड्यांनी देतात. ही दोन्ही जुनी आणि स्वस्त आहेत. पॅलिपेरिडोनचे महिन्याचे इंजेक्शन कंप काहीसा कमी देऊ शकते, पण त्याची किंमत हजारांत जाते. महाग इंजेक्शन सुरू करण्याआधी वर्षभराचे पैसे कुठून येणार हे ठरवा, कारण तीन महिन्यांनी ते थांबवावे लागले तर केलेला खर्चही वाया जातो. इंजेक्शन गावच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका देऊ शकेल का, हेही डॉक्टरांना विचारा आणि तसे लिहून घ्या.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही, कोणी नसताना आवाज ऐकू येणे थांबले नाही, तर क्लोझापिनचा विचार होतो. गोळी फार महाग नाही, पण तिच्यासोबत रक्ततपासणी येते. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला तपासणी करतात, नंतर अंतर वाढवत नेतात. ही तपासणी खासगी प्रयोगशाळेत केली तर गोळीपेक्षा तिचाच खर्च जास्त होतो. म्हणून औषध सुरू करण्याआधीच सरकारी प्रयोगशाळेत ती लावून घ्या.

क्लोझापिनच्या बाबतीत तीन गोष्टी घरात सर्वांना ठाऊक हव्यात. ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी रक्त तपासायचे. बद्धकोष्ठ हलक्यात घ्यायचा नाही. आणि 48 तासांहून जास्त काळ गोळ्या चुकल्या तर जुनी मात्रा एकदम सुरू करायची नाही, डॉक्टर ती 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवतात. विडी-सिगारेटचाही संबंध आहे. धुराने क्लोझापिन आणि ओलांझापिनचे रक्तातील प्रमाण घटते. एकदम विडी सोडली तर ते वाढते आणि माणूस पेंगू लागतो. विडी सोडणे उत्तमच, फक्त डॉक्टरांना आधी सांगा.

बाकीच्या औषधांना फार तपासण्या लागत नाहीत. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातील चरबी पाहा. हे सगळे जवळच्या आरोग्य केंद्रात होते. जुने अहवाल एका पिशवीत ठेवा, म्हणजे तीच तपासणी दोन ठिकाणी होणार नाही.

सातवी पायरी: कागदपत्रांतून मिळणारी मदत

आजाराने कामधंदा अडला असेल तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढा. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मानसिक आजार समाविष्ट आहे, 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सवलती लागू होतात. अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी पोर्टलवर होतो आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र, मिळते. त्याच्या आधारे गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी अर्ज करता येतो. तिच्यातून मिळणारे मासिक पैसे औषधासाठी वेगळे ठेवले तर मोठा आधार होतो. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी तिच्यावर विसंबू नका. केंद्र सरकारचा 'निरामय' आरोग्य विमा मानसिक आजाराला लागू नाही. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता अशा स्थितींसाठी आहे.

खासगी आरोग्य विमा असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 21 लक्षात ठेवा. शारीरिक आजारांना जो विमा, तोच मानसिक आजारांना दिला पाहिजे. फक्त बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. पॉलिसी घेताना आजार लपवू नका. दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचे 'बीमा भरोसा' पोर्टल, आणि तरीही न सुटल्यास विमा लोकपाल. गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईचे आहे.

औषध संपत आले आणि मिळत नाही, तेव्हा

घरात नेहमी दहा दिवसांचा जादा साठा ठेवा. चवथीच्या सुट्ट्यांत, भर पावसात बसगाड्या बंद पडल्यावर, कोणाच्या लग्नात, औषध नेमके तेव्हाच संपते. पाकिटावर शेवटच्या दहा दिवसांच्या गोळ्यांपाशी पेनाने रेघ मारा. रेघेला पोचलात की त्याच आठवड्यात चिठ्ठी घेऊन निघायचे. कौल लावायचा असेल, देवदर्शन करायचे असेल, ते जरूर करा, पण गोळी त्या दिवशीही चुकवू नका. नारळ, कोंबडा आणि प्रवासाचा खर्च औषधाच्या डब्यातून होऊ देऊ नका.

सरकारी औषधालयात औषध नाही म्हणाले तर 'उपलब्ध नाही' असे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि कधी येईल ते विचारा. तोवर जनऔषधीतून आठवड्यापुरतेच घ्या. वारंवार असे होत असेल तर संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 28 नुसार पुढे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे जाता येते. चिठ्ठीवरची ती एक ओळ तेव्हा कामी येते.

रात्री-अपरात्री काय करावे कळत नसेल तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते. अंग ताठ होऊन जोराचा ताप आला, डोळे वर फिरले, मान वाकडी झाली, किंवा जीव देण्याची भाषा सुरू झाली, तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नका. 108 ची रुग्णवाहिका बोलवा आणि औषधांचे ते एक पान, चालू पाकिटांसह, सोबत न्या.